मामाजी बाजारात बसले

माझ्या सासरी विहीर होती, विहिरीला बारा महिने पाणी होतं, आणि घरात भाजी नव्हती. लग्न होऊन गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे माझ्या ध्यानात आलं आणि माझं जे डोकं फिरलं ते फिरलंच. सकाळी पिठलं, संध्याकाळी वरण, फार झालं तर आलू. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "भाजी बाजारातून येते ना बाई. बाजारात कोनी गेलं तं."

शेतकऱ्याच्या घरी भाजी बाजारातून! माझं माहेर यवतमाळात, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत. वडील कपडे शिवायचे. आमच्याकडे तुळस लावायला जमीन नव्हती, पण ताटात रोज हिरवं काहीतरी असायचं. लग्नात सगळे म्हणाले, पोरगी जमीनवाल्याकडे दिली, खाऊन-पिऊन सुखी राहील. खाऊन काय, तर बेसन. घराच्या मागच्या भिंतीला टेकून पऱ्हाटी सुरू व्हायची, म्हणजे कपाशी, ती थेट नाल्यापर्यंत. धुण्याच्या दगडाशेजारी चार वांग्याची झाडं असावीत, तर तिथंही पऱ्हाटीच.

आणि ही वर्षं कोणती, तर कापसानं सगळ्यांचं कंबरडं मोडलं होतं ती. बियाणं महाग, फवारे वाढलेले, भाव बसलेला. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, बाहेरची माणसं कॅमेरे घेऊन यायची आणि पारावर बसलेल्यांना तेच तेच विचारायची. गावात प्रत्येक जण कापसाला शिव्या घालायचा आणि मिरगाला, म्हणजे मृगाचा पाऊस आला की, पुन्हा कापूसच टोबायचा. मी एकदा नवऱ्याला म्हटलं, अहो, दुसरं काही लावून पाहा ना. तो म्हणाला, "बाबाले विचार." माझा नवरा चांगला माणूस आहे. पण बापासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटते, ती अजूनही चिकटतेच.

मग मीच विचारलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. डोक्यावर पदर घेतला, आणि म्हटलं, "मामाजी, विहिरीजवळचं एकर मले द्या. भाजी लावते." सुपारी कातरायची थांबली. आत स्वयंपाकघरात आत्याबाईंच्या हातातलं भांडं पडलं. त्या घरात सुनेनं असं तोंड उघडून काही मागितलेलं कोणाला आठवत नव्हतं.

हो म्हणायला त्यांना पूर्ण एक वर्ष लागलं. म्हणजे रोज नाहीच म्हणत होते, पण मी रोज विचारत होते. शेवटी वैतागून म्हणाले, "लाव. या हिवाळ्यापुरतं लाव. पन माल बाजारात म्या नेईन. सोता बसून पाहीन. जमलं तं एकर तुह्यं. नाही जमलं तं मिरगाले पऱ्हाटी, आन् मंग पुन्हा तोंड उघडायचं नाही."

ते स्वतः का? तर घरातला माल घरच्या कर्त्यानंच विकायचा, ही त्यांची रीत. कापूस तेच न्यायचे, तूर तेच न्यायचे. आणि त्यात खोच अशी की आमच्याकडे शेतवाला बाजारात भाजी घेऊन बसत नाही. कास्तकारानं कापूस गाडीनं न्यायचा. जुड्या मांडून बसणं हे दुसऱ्यांचं काम. गावात बातमी फुटली तशी पारावर हशा झाला. मला वाटलं, म्हाताऱ्याला लाज वाटेल आणि तो सोडून देईल. पण हट्टात ते माझ्याहून कमी नव्हते. आणि मला हेही कळत होतं की ते एकर गेलं, तर जमीन त्यांचीच, ती काही कुठं जात नाही. जाणार तो माझा शब्द. त्यानंतर त्या घरात मी सांगेन ते कोण ऐकणार होतं?

मेथी लावली, सांबार लावला. पुण्या-मुंबईकडचे लोक कोथिंबीर म्हणतात, तोच सांबार. मेथी अशी आली की बघत राहावं. एवढं पाणी त्या विहिरीतून पऱ्हाटीला कधी मिळालं नसेल. पहिल्या काढणीच्या संध्याकाळी मी आणि आत्याबाई जुड्या बांधत बसलो. आत्याबाई तोंडानं म्हणत होत्या, "कायले हे नसते धंदे," आणि हातानं माझ्याहून भरभर बांधत होत्या.

बाजाराच्या दिवशी सकाळी मामाजी न्हाऊन, धुतलेलं धोतर आणि पांढरी टोपी घालून तयार. हा त्यांचा कापूस विकायला जायचा पोशाख. काळ्या-पिवळ्या जीपच्या टपावर आमची गाठोडी चढली, आत मामाजी आणि मी कोंबलो. दारव्ह्याकडून भरून आलेली जीप, श्वास घ्यायला जागा नाही, पण टिंगलीला जागा होती. एक जण म्हणाला, "पाटील, यंदा मेथीचे गाठोडे जिनिंगमधी खाली करून राह्यले का?" मामाजी खिडकीबाहेर पाहत राहिले.

यवतमाळचा तो बाजार, माहेरच्या गल्लीपुढचा, मला पाठ होता, पण घेणाऱ्याच्या बाजूनं. विकणाऱ्याच्या बाजूनं तो वेगळाच दिसतो, कारण तुम्ही खाली बसलेले असता आणि जग गुडघ्यांचं आणि पिशव्यांचं असतं. आम्हाला कडेला जागा मिळाली. शेजारी एक भेदरंवाली होती. टमाट्यांना आमच्याकडे भेदरं म्हणतात. वयानं मामाजींच्या आसपासची, कपाळ मोठं, आवाज त्याहून मोठा. तिनं आपलं पोतं सरकवून घेतलं. "बसा भाऊ, बसा. नवीन दिसता." मामाजींनी पोतं अंथरलं, त्यावर मेथीच्या जुड्या नीट रचल्या, एका बाजूला सांबार, आणि मागं हात टेकून गप्प बसले.

भोवती नुसता कल्लोळ. "वांगे घ्या काटेरी, ना तेल पिते, ना कडू लागते!" "ओल्या शेंगा, तुरीच्या ओल्या शेंगा!" तुरीचे दाणे काढून कोणी सोले विकत होतं, कोणी हरभरा झाडासकट. भेदरंवाली प्रत्येक वाकणाऱ्या बाईला "ये माय, ये" म्हणत होती, मग ती बाई वीस वर्षांची असो की सत्तर. आणि मधोमध आमचे मामाजी, न बोलता, समोर पाहत. ओरडायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी आयुष्यात मालासाठी कधी हाक मारली नव्हती.

पहिली बाई आली. जुडी उचलली. "मेथी कशी दिली काका?"

मामाजी म्हणाले, "तुमी सांगा."

बाईला कळेना. "म्हंजे?"

"तुमी काय देता थे सांगा."

बाईनं सांगितलं. लहान पोरानंही सांगितला नसता इतका कमी भाव सांगितला, आणि का सांगणार नाही? मामाजींनी मान हलवली आणि जुडी दिली. दुसरी आली, तेच. तिसरीनं पहिलीला विचारलं असावं, ती तर हसतच आली. त्यातून मामाजी प्रत्येकीला म्हणायचे, "हात घालून पाहा ना आतमंधी. आतून पाहा." बाया खुशाल रचलेल्या मेथीत कोपरापर्यंत हात घालायच्या, खालची जुडी वर, वरची खाली, सगळं उलटंपालटं.

मी डोक्याला हात लावला. मग एकदम माझ्या लक्षात आलं की हा माणूस मेथी कापसासारखी विकतोय.

कापूस कसा विकतात ते सांगते. गाडी भरून न्यायची. रांगेत उभं राहायचं, एक रात्र, कधी दोन. बैल तिथंच, आपण तिथंच, गाडीखाली झोपायचं. मग सरकारी खरेदीचा ग्रेडर नाही तर व्यापारी येतो, गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस ओढून काढतो, दाबतो, आणि भाव सांगतो. तो सांगतो. आपण नाही. आपण फार तर म्हणायचं, "जरा पाहा ना साहेब." पटला नाही तर गाडी घेऊन जा म्हणतात. कुठं नेणार? रात्रभराचे उपाशी बैल, भाड्याची गाडी, घरी मजुरीला खोळंबलेल्या बाया. आपला माल विकायला नेलेला आणि भरलेली गाडी तशीच घरी आली, असं मामाजींच्या बाबतीत एकदाही झालेलं नव्हतं. होऊच शकत नव्हतं. सारं आयुष्य शेती केलेल्या त्या माणसानं आपल्या मालाचा भाव आपल्या तोंडानं कधीच उच्चारला नव्हता.

मी हळूच म्हटलं, "मामाजी, भाव आपण सांगायचा असते."

"म्या हाव ना इथं," ते म्हणाले. म्हणजे तू गप्प बस.

ऊन वर आलं. भेदरंवाली दर थोड्या वेळानं आपल्या मालावर पाण्याचा हबका मारायची. आमची मेथी मान टाकायला लागली. तिनं आपला तांब्या पुढं केला. "पानी मारा ना भाऊ. काहून सुकवून राह्यले?"

मामाजी असे मागं सरकले की जणू तिनं दारूच पुढं केली. "पानी मारलेला माल म्या जिंदगीत इकला नाही."

ते खरं होतं. कापसावर पाणी मारून वजन वाढवणारे गावात होते. मामाजी त्यांच्या ओसरीला जात नसत. दव उतरल्याशिवाय ते वेचणीला हात लावू देत नसत, बाया बसून असल्या तरी चालेल. भेदरंवाली कपाळावर हात मारून म्हणाली, "अव बाप्पा! जुडीले कोन तोलते? हे काय कापूस हाय?" पण पाणी ते पाणीच. तांब्या तसाच परत गेला.

दुपारपर्यंत आमच्या ढिगाचा रंगच बदलला होता. गेलं ते फुकटच्या भावात गेलं, राहिलं ते झोपलेलं. माझ्या डोळ्यांसमोर मिरगाची पऱ्हाटी उगवायला लागली. मग मात्र माझा तोल गेला. पदर सावरून मी म्हटलं, आणि हळू आवाजात नाही म्हटलं, "मामाजी, माल आपला हाय. कष्ट आपले हायत. भाव लोकं काहून सांगतीन?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागावले नाहीत. एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "माल आपला असते बाई. भाव आपला नसते."

मी उठले आणि चालायला लागले. रागात मला भूक लागते, हा माझा जन्माचा दोष. बाजारातून तरातरा जात मी मिरच्यांच्या लाल ढिगांपाशी शिंकले, सुक्या बोंबलांच्या ओळीपाशी नाक धरलं, एका जंगलाकडच्या बाईच्या टोपलीतली चारोळी उगाच चाखली आणि घेतली नाही, तर तिनं मला तिच्या भाषेत काहीतरी सुनावलं, ते योग्यच होतं. भज्यांच्या गाडीपाशी उभं राहून दोन आलूबोंडे खाल्ले, सोबत तळलेली मिरची. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीनं की दुसऱ्या कशानं हे भजेवाल्यानं विचारलं नाही. मामाजींसाठी भजे बांधून घेतले. कितीही राग आला तरी माणूस सकाळपासून उपाशी होता. आणि मनाशी ठरवलं, आता जाऊन मीच बसते. एकर गेलं तर गेलं, पण उरलेला ढीग मी माझ्या भावानं विकूनच उठेन.

परत आले तेव्हा आमच्या पोत्यासमोर एक बाई उभी होती. मी तिला ओळखत होते. बसस्टँडजवळ तिची खानावळ होती, माझे वडील कधीमधी तिथून डबा आणायचे. ती किरकोळ घेणारी बाई नव्हे, पोतं घेऊन येते आणि ढीगच्या ढीग उचलते. ही घेते म्हणाली तर सगळं जातं. आणि एकदा घेतलं तर दर बाजाराला घेते. कांद्याच्या राशीआड मी तशीच थांबले. मध्ये पडले असते तर मामाजी बिथरले असते.

"कशी लावली सारी?" तिनं विचारलं.

मामाजी नेहमीसारखं तोंड उघडून थांबले. भेदरंवाली माप हातात धरून त्यांच्याकडे पाहत होती. मग त्यांनी भाव सांगितला.

बरोबर भाव सांगितला. मी मनात धरला होता तोच, एक पैसा इकडेतिकडे नाही. सकाळपासून आजूबाजूच्या आरोळ्या त्यांनी ऐकल्या होत्या तर! खानावळवाली हसली. "या सुकलेलीले? निम्म्यात देता का, सारी उचलते."

निम्मा भाव काही वाईट नव्हता. त्या घडीला तर नव्हताच. मी मनातल्या मनात ओरडत होते, हो म्हणा, मामाजी, हो म्हणा.

मामाजींनी मेथीकडे पाहिलं. मग बाईकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही."

"सांजपर्यंत कोनी हात लावणार नाही काका हिले. ढोरालेच टाकसान."

"टाकीन," मामाजी म्हणाले. "मही हाय. टाकीन."

ती खांदे उडवून पुढं गेली, दोन पोती सोडून एकाकडची मेथी बघायला लागली. मी धावतच पोचले. भज्यांचा पुडा त्यांच्या पुढ्यात आदळला. "मामाजी! सारा ढीग उचलत होती थे! दर बाजारी आली असती! काहून नाही म्हनलं?"

ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्या बाईच्या पाठीकडे बघत होते, ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत. आणि ते हसत होते. मी त्या घरात गेल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. दात नसलेल्या बाजूनं, पोरासारखे. भेदरंवाली मला म्हणाली, "लागला तुह्या सासऱ्याले बाजार," आणि आपल्या कामाला लागली. मला तेव्हा दोघांचाही राग आला.

खानावळवालीचं खरंच ठरलं. संध्याकाळपर्यंत कोणी हात लावला नाही. सांबार तेवढा गेला, मामाजींनी सांगितलेल्या भावात, कारण सांबाराशिवाय कोणाचं चालत नाही. मेथीचं गाठोडं पुन्हा बांधलं, टपावर चढवलं. जीपमध्ये मी पदरात तोंड घालून रडले, सरळ रडले, लपवलं नाही. वर्षभर भांडून मिळवलेलं एकर एका दिवसात गेलं होतं आणि तेही गिऱ्हाईक दारात आलेलं असताना. मामाजी भजे खात होते. मलाही पुडा पुढं केला. मी घेतला नाही.

घरी पोचलो तर अंगणात चारपाच जण जमलेले. गंमत पाहायला, दुसरं काय. गाठोडं खाली उतरलं ते पाहून एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. आत्याबाई पुढं आल्या, गाठोड्यावर हात ठेवला, आणि त्यांचा चेहरा उतरला. मला त्या क्षणी कळलं की हे एकर त्यांनाही हवं होतं.

"वापस आनली," त्या म्हणाल्या. "कोनीच नाही घेतली का जी?"

"घेत होती," मामाजी म्हणाले. आवाज असा की शेजारच्या वाड्यातही जावा. "एक बाई सारी घेत होती. म्या देल्ली नाही."

मामाजींनी गाठोडं स्वतः सोडलं आणि मेथी गायीपुढं टाकली, जुडी जुडी सोडून. ती पहिल्याच घासात डोकं वर न काढता खायला लागली. ते तिच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. ती खात होती ते बघत होते.

मग तिथूनच, मागं न वळता, मला म्हणाले, "सूनबाई, थे एकर ठेव. पुढच्या बाजाराले म्या येईन."